पायांच्या औषधी उत्पादनांची आयात: कस्टमचा कोड कसा ठरवायचा

भेगांचं क्रीम, कुरूपाची पट्टी, चिखल्यांची पावडर, टाचेखाली ठेवायची जेलची गादी. मेडिकलच्या दुकानात हे सगळं एकाच फळीवर असतं. कस्टमच्या टॅरिफमध्ये मात्र क्रीम ३० किंवा ३३ व्या चॅप्टरमध्ये (कोडचे पहिले दोन आकडे) जातं, पट्टी ३० मध्येच पण वेगळ्या हेडिंगखाली (पहिले चार आकडे), आणि गादी थेट ६४ किंवा ९० मध्ये. नागपूरच्या गांधीबागेतून माल उचलून वणी, आर्वी, पुसद, अर्जुनी-मोरगावकडे पुरवणाऱ्या ठोक विक्रेत्याने उद्या हाच माल स्वतः बाहेरून मागवायचं ठरवलं, तर पहिली अडचण भावाची येत नाही, कोडची येते.

फरक किती पडतो ते आधी पाहा. १,००,००० रुपये मूल्याचं क्रीम प्रसाधन म्हणून ३३०४ मध्ये गेलं, तर मूळ सीमाशुल्क २०%, म्हणजे २०,०००. त्यावर १०% समाजकल्याण अधिभार २,०००. आणि १,२२,००० वर १८% आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) २१,९६०. एकूण ४३,९६० रुपये. तेच क्रीम औषध म्हणून ३००४ मध्ये बसलं, तर मूळ शुल्क १०%, अधिभार १,०००, आणि १,११,००० वर ५% आयजीएसटी ५,५५०. एकूण १६,५५०. एका लाखामागे २७,४१० रुपयांचा फरक. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतरचे हे दर हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्षात बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालाचं कस्टमकडे भरायचं घोषणापत्र) दिवशी लागू असलेला दर आणि त्या दिवसाच्या अधिसूचना पाहायच्या. एवढा फरक असला की कस्टम अधिकारी ३००४ च्या दाव्याकडे बारकाईनेच पाहणार, हे धरून चाला.

आधी कागद, मग कोड

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून या गोष्टी मागवा: प्रत्येक घटकाचं नाव आणि टक्केवारी असलेला तक्ता, ट्यूबच्या व पेटीच्या लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो, आत घातलेलं माहितीपत्रक, विश्लेषण प्रमाणपत्र, आणि उत्पादकाकडे त्या देशात औषधाचा परवाना आहे की प्रसाधनाचा याची प्रत. पुरवठादार घटकांचा तक्ता द्यायला खळखळ करत असेल, तर तो माल घेऊ नका. कस्टमने विचारल्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल आणि कंटेनर न्हावाशेवाला पडून राहील.

पुरवठादाराने इन्व्हॉइसवर टाकलेला एचएस कोड तसाच उतरवायची सवय फार जणांना असते. पहिले सहा आकडे जगभर सारखे आहेत हे खरं. १ जानेवारी १९८८ पासून ही पद्धत चालू आहे. पण त्याने तो कोड त्याच्या देशातल्या निर्यातीच्या सोयीने टाकलेला असतो आणि सातवा-आठवा आकडा प्रत्येक देशाचा वेगळा असतो. २०११ पासून भारतात आयातदारानेच स्वतः शुल्क आकारणी करायची आहे. चुकीच्या कोडची जबाबदारी तुमची असते. पुरवठादाराची नाही, आणि बऱ्याच अंशी सीएचएचीही (माल सोडवून देणाऱ्या कस्टम एजंटचीही) नाही.

टॅरिफ वरून खाली वाचायचं

सीमाशुल्क टॅरिफ कायदा १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत अर्थ लावायचे सहा सर्वसाधारण नियम दिले आहेत. नवख्याने पहिला आणि सहावा घोटून पाठ करावा. पहिला सांगतो की वर्गीकरण हेडिंगच्या शब्दांवरून आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपांवरून ठरतं. चॅप्टरची नावं फक्त शोधायला सोपं जावं म्हणून आहेत. सहावा सांगतो की उपहेडिंगची तुलना त्याच पातळीवरच्या उपहेडिंगशी करायची. म्हणजे आधी चार आकडे पक्के करा, मग सहा, मग आठ.

बहुतेक चुका उलट्या वाचनातून होतात. संगणकात मालाचं नाव टाकायचं, जुळणारी आठ आकडी ओळ दिसली की ती उचलायची. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कुरूपाच्या औषधात सापडतं.

भारताच्या टॅरिफमध्ये ३००५ ९० ६० या ओळीवर स्पष्ट लिहिलं आहे: कुरूप आणि घट्टे काढणारी उत्पादनं. नवखा माणूस ती पाहून खूश होतो आणि कुरूपाचं जे काही असेल ते तिथे टाकतो. आता मालच हातात घेऊन पाहू.

पहिला माल: ब्रशच्या झाकणाची छोटी बाटली, आत कोलोडियनमध्ये (वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणाऱ्या द्रावणात) विरघळवलेलं सॅलिसिलिक ॲसिड, साधारण १७%. हेडिंग ३००५ चे शब्द आहेत कापूस, गॉझ, बँडेज आणि तत्सम वस्तू, ज्यांना औषधी द्रव्य लावलेलं आहे किंवा ज्या वैद्यकीय वापरासाठी किरकोळ पॅकिंगमध्ये आहेत. बाटलीतला द्रव ना कापूस, ना पट्टी. तो हेडिंगमध्येच शिरत नाही, मग त्याखालची आठ आकडी ओळ कितीही जुळो, तिचा उपयोग नाही. बाटली ३००४ मध्ये जाते, कारण ती रोगावर उपचाराची आणि किरकोळ विक्रीसाठी बांधलेली आहे.

दुसरा माल: गोल चिकटपट्टी, मधोमध सॅलिसिलिक ॲसिडचा ठिपका. अमेरिकेच्या बिगरचिठ्ठी औषधांच्या नियमात अशा पट्टीत १२ ते ४०% ॲसिड चालतं, आणि तिकडून येणाऱ्या पेट्यांवर बहुधा ४०% छापलेलं दिसतं. ही वस्तू ३००५ मध्ये नक्की बसते. आता सहा आकड्यांची पातळी: ३००५ १० म्हणजे चिकट थर असलेल्या पट्ट्या व इतर वस्तू, ३००५ ९० म्हणजे बाकीच्या. पट्टीला चिकट थर आहे, म्हणून ती ३००५ १० मध्येच थांबते आणि आत ३००५ १० ९० ला जाते. कुरूपाचं नाव असलेली ओळ ९० च्या फांदीवर आहे. तिथे पोहोचायला चिकट थर नसलेला, औषध लावलेला कापसाचा किंवा लिंटचा तुकडा हवा. दोन्हीकडे मूळ शुल्क सारखंच असल्याने ही चूक कधी पकडली जात नाही, पण मुक्त व्यापार कराराची सवलत मागायची असेल तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरचे (सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) सहा आकडे आणि तुमचे सहा आकडे जुळायला हवेत. तिथे ती नडते.

भेगांचं क्रीम: औषध की प्रसाधन

खरा वाद या मालावर होतो. काळ्या मातीत अनवाणी किंवा रबरी चपलेत दिवस काढणाऱ्याच्या टाचा उन्हाळ्यात रक्त येईपर्यंत फाटतात, त्यामुळे आपल्याकडे या क्रीमला गिऱ्हाईक कायम आहे. पण क्रीम क्रीममध्ये फरक असतो.

३० व्या चॅप्टरची पहिलीच टीप सांगते की ३३०३ ते ३३०७ मधली तयार उत्पादनं, त्यांत रोगनिवारक किंवा रोगप्रतिबंधक गुण असले तरी, या चॅप्टरमध्ये येत नाहीत. दुसऱ्या बाजूने ३३०४ स्वतःच म्हणतं: त्वचेची निगा राखणारी उत्पादनं, औषधं वगळून. दोन्ही हेडिंगं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून प्रश्न एकच उरतो, वस्तू मुळात उपचाराची आहे की निगेची?

यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचा, आणि त्यांतले दोन तर नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तालयाचेच आहेत. २००६ च्या पूमा आयुर्वेदिक हर्बलच्या खटल्यात न्यायालयाने दुहेरी कसोटी लावली: घटक औषधी ग्रंथांत आहेत का, आणि सामान्य माणूस ती वस्तू औषध म्हणून घेतो का. २००९ च्या बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या खटल्यात दुसऱ्या कसोटीने पारडं फिरवलं: घटक आयुर्वेदिक असले तरी लोक ते रोज दात घासायला वापरतात, म्हणून ते औषध ठरलं नाही. आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा निकाल २०१३ चा, सायन्स लॅबोरेटरीजच्या मॉइश्चरेक्स क्रीमचा. युरिया, लॅक्टिक ॲसिड असलेलं हे क्रीम त्वचारोगतज्ज्ञ कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेसाठी लिहून देत. न्यायालयाने ते औषध मानलं आणि सांगितलं की औषधी घटकाचं प्रमाण कमी असणं हे दरवेळी निर्णायक नसतं, चिठ्ठीशिवाय विकलं जातं एवढ्यावरून ते प्रसाधन होत नाही, आणि वापरणारे त्याला काय समजतात ते पाहायचं.

हे निकाल हातात घेऊन पेटी तपासा. युरिया किती? साधारण १०% पर्यंत तो ओलावा धरून ठेवतो, २० ते ४०% ला जाड कातडी सोलतो. (शेतात टाकतो तोच हा युरिया, शुद्ध असला तरी कच्चा माल म्हणून आला तर ३१०२ मध्ये, खतांच्या चॅप्टरमध्येच जातो.) लेबलवर रोगाचं नाव, लावायची पद्धत, किती दिवस लावायचं, कोणी वापरू नये हे आहे का? ३००४ वरच्या, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण टिपा हेच शोधायला सांगतात. की फक्त ‘टाचा लोण्यासारख्या मऊ’ लिहून लव्हेंडरचं फूल छापलं आहे? पहिल्या प्रकारचं क्रीम ३००४ साठी लढवता येतं. दुसऱ्याला ३३०४ ९९ मध्येच भरा आणि वाद वाढवू नका. नखांची कड मऊ करणारी द्रावणं, नेलपॉलिश असं पेडिक्युअरचं सामान ३३०४ ३० ला जातं.

एक सापळा असा की पेटी औषधाची भाषा बोलते आणि कंपनीचं संकेतस्थळ सौंदर्याची. अधिकारी संकेतस्थळ उघडून पाहतात. तुम्हीही आधीच उघडा, आणि छापून फाइलला लावा.

चिखल्यांच्या औषधात एवढी ओढाताण नाही. धानाच्या बांधीत दिवसभर पाण्यात उभं राहिलं की भंडारा-गोंदियाकडे बोटांच्या बेचक्यात बुरशी धरतेच, आणि तिच्यावरचं १% क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन क्रीम हे उघड औषध आहे. साध्या बुरशीरोधकाला ३००४ ९० २९ लागतं. ती बुरशीविरोधी औषधांच्या गटातली ‘इतर’ची ओळ आहे. पण ट्यूबमध्ये अजून काय मिसळलंय ते वाचा. निओमायसिनसारखं अँटिबायोटिक असेल तर ३००४ २० आधी येतं. अँटिबायोटिक नसून बेक्लोमेथासोनसारखं स्टेरॉइड असेल तर ३००४ ३२. तेच क्रीम २५ किलोच्या ड्रममध्ये, इथे ट्यूबमध्ये भरण्यासाठी आलं तर ३००३, आणि नुसतं क्लोट्रिमॅझोलचं चूर्ण आलं तर २९३३.

पावडर, साबण, मीठ

बुरशीरोधक द्रव्य असलेली उपचाराची पावडर ३००४. घामाचा वास घालवणारी पावडर किंवा स्प्रे ३३०७. ३३०४ वरच्या स्पष्टीकरण टिपा पायांची दुर्गंधीनाशकं नाव घेऊन तिकडे धाडतात. औषधी साबण कितीही औषधी असो, ३४०१ सोडत नाही, कारण ३० व्या चॅप्टरच्या टिपेतच तो वगळलेला आहे. पाय बुडवायचं सुगंधी मीठ ३३०७ ३०. घट्टे घासायची पोलादी कानस ८२१४ २०.

गादी आणि चप्पल

टाचेची गादी, इनसोल यांच्या पेटीवर ‘ऑर्थोपेडिक’ छापलेलं असतं आणि आयातदार बिनधास्त ९०२१ भरतो. ९० व्या चॅप्टरची सहावी टीप न वाचता हे करू नका. तिच्यानुसार हाडा-सांध्यांचा दोष सुधारायला बनवलेले विशेष इनसोल आणि पादत्राणं ९०२१ मध्ये तेव्हाच येतात, जेव्हा ती एकतर रुग्णाच्या मापाने बनवलेली असतात, किंवा घाऊक बनवलेली असली तरी एकेकटी, जोडीने नव्हे, येतात आणि डाव्या-उजव्या कोणत्याही पायात सारखीच बसतात. डावा-उजवा असा जोड असलेली जेलची गादी या अटीत बसत नाही. ती ६४०६ ९० मध्ये, पादत्राणांच्या भागांत जाते. मधुमेही किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी वापरतात त्या मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराच्या चपलांनाही हाच न्याय: ठरावीक नंबरांत, जोडीने येणारी चप्पल वैद्यकीय कारणासाठी असली तरी ६४ व्या चॅप्टरमध्येच राहते.

बोटांमध्ये घालायचे सिलिकोनचे तुकडे नुसते अंतर ठेवणारे असतील तर प्लास्टिकच्या वस्तू म्हणून ३९२६ पाहा.

किट आलं तर

पूर्व विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत, आणि त्यांच्या पायांच्या निगेसाठी टब, मग, टॉवेल, साबण आणि बुरशीरोधक क्रीम असं किट दिलं जातं. असं किट एका पेटीत बाहेरून आलं तर अर्थ लावायच्या सहा नियमांपैकी तिसऱ्याचा दुसरा भाग लागतो. वेगवेगळ्या हेडिंगच्या किमान दोन वस्तू, एकाच गरजेसाठी एकत्र, आणि पुन्हा न बांधता थेट वापरणाऱ्याला देण्याजोग्या असतील, तर सगळ्या संचाला मुख्य स्वरूप देणाऱ्या वस्तूचा कोड मिळतो. इथे मुख्य स्वरूप कशाचं? आकाराने टब, किमतीने कदाचित टॉवेल, उपचाराने क्रीम. प्रत्येक बाजूने युक्तिवाद होतो, म्हणून असं किट आयात करणं हा डोकेदुखीचा धंदा आहे. क्रीम आयात करा, टब-मग-टॉवेल नागपुरात घ्या, पेटी इथे भरा. प्रथमोपचाराची पेटी असेल तर ती वेगळी. तिला ३००६ ५० हा स्वतःचा कोड आहे.

परवाना आणि बंदर

कोड आणि परवाना एकच गोष्ट सांगत असले पाहिजेत. औषध म्हणून भरलंत, तर बंदरावरचा औषध नियंत्रण अधिकारी फॉर्म ४१ चं नोंदणी प्रमाणपत्र आणि फॉर्म १० चा आयात परवाना मागणार. प्रसाधन म्हणून भरलंत, तर प्रसाधन नियम २०२० खालचं सीओएस-२ नोंदणीपत्र लागतं. वैद्यकीय उपकरणात मोडणाऱ्या मालाला २०१७ च्या नियमांखाली एमडी-१५. शुल्क वाचावं म्हणून ३००४ आणि परवान्याची कटकट नको म्हणून कागदावर ‘कॉस्मेटिक’, असं दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचा माल हमखास अडकतो. दुसऱ्या बाजूने, औषधाचा परवाना आहे एवढ्यावरून टॅरिफचा कोड आपोआप ३००४ होत नाही. तो पुरावा आहे, निकाल नव्हे.

औषधं कुठल्याही बंदरातून आणता येत नाहीत. औषध नियमांत ठरावीक ठिकाणांची यादी आहे. मुंबई आणि न्हावाशेवा त्यात आहेत. कंटेनर थेट नागपूरच्या अजनी डेपोपर्यंत बुक करण्याआधी ती यादी सीएचएकडून तपासून घ्या, नाहीतर माल दारात येऊनही सुटणार नाही. शिवाय आयातीच्या वेळी औषधाची किमान ६०% मुदत शिल्लक हवी. २४ महिन्यांच्या क्रीमला म्हणजे सुमारे साडेचौदा महिने. समुद्रातला प्रवास आणि बंदरावरचे दिवस धरून ताज्या बॅचचीच ऑर्डर द्या.

बिल ऑफ एंट्री भरताना

आयसगेटवर (कस्टमच्या ऑनलाइन पोर्टलवर) वर्णनात ‘फूट क्रीम’ एवढंच लिहू नका. ‘क्लोट्रिमॅझोल क्रीम १%, १५ ग्रॅम ट्यूब, किरकोळ पेटीत, पायाच्या बुरशीसंसर्गावर बाह्य उपचारासाठी’ असं घटक, टक्केवारी, पॅकिंग आणि उपयोग येईल असं लिहा. पूर्ण वर्णन दिलेलं असलं की पुढे कोडवर मतभेद झाला तरी ‘माहिती लपवली’ हा आरोप टिकवणं कठीण जातं. आणि त्याला मोल आहे: साध्या मतभेदात सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली मागणीची मुदत २ वर्षं, तर लपवाछपवी किंवा जाणूनबुजून चुकीची माहिती असेल तर ५ वर्षं, शिवाय कलम ११४अ खाली चुकवलेल्या शुल्काइतका दंड.

माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरलेलं हवं. उशिराचे पहिले तीन दिवस रोज ५,०००, नंतर रोज १०,००० रुपये.

अधिकाऱ्याने कोड मान्य केला नाही आणि सॅम्पल प्रयोगशाळेत पाठवायचं म्हटलं, तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागा. बाँड आणि हमी देऊन माल सुटतो, अंतिम कोड नंतर ठरतो. माल अडवून भांडत बसलात तर डेमरेजमध्येच (माल पडून राहिल्याच्या भाड्यातच) नफा जातो. अधिकाऱ्याच्या कोडनेच शुल्क भरावं लागलं, तर ‘विरोध नोंदवून भरत आहे’ असं लेखी द्या, कारणांसहित आदेश मागा, आणि ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जा. आदेशाला आव्हान न देता नुसता परताव्याचा अर्ज केला तर तो फेटाळला जातो. नवखे इथे हमखास फसतात.

एकच माल पुन्हा पुन्हा आणायचा असेल, तर पहिल्या खेपेआधी मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित, आणि एकदा मिळाला की कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर ३ वर्षं तो तुम्हाला आणि खात्याला बंधनकारक. अर्जासोबत घटकांचा तक्ता, लेबल आणि माहितीपत्रक तेच जोडा जे बिल ऑफ एंट्रीला जोडणार आहात. नंतर पुरवठादाराने युरिया २०% वरून १०% केला किंवा पेटीवरचा मजकूर बदलला, तर तो निर्णय त्या नव्या मालाला लागू नाही. म्हणून प्रत्येक खेपेची एक न फोडलेली पेटी बॅच नंबरासह बाजूला काढून ठेवा, आणि त्या खेपेची फाइल किमान ५ वर्षं.